कोरोना झाल्यावर परत मॅटवर

कबड्डी हा खेळ कोरोनासाठीच काढलाय का काय असं आम्ही तेव्हा म्हणायचो. म्हणजे बघा ना, रेडरनं समोरच्या कोर्टात जाऊन तीस सेकंद मोठ्यानं कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, समोर सात जणी, आणि धरली की त्या सगळ्या अंगावर, तोंडापुढं तोंड. मास्क लावून रेड मारून बघितली आम्ही, खरंच बघितली, अर्ध्या रेडमधी मास्क ओला होऊन नाकाला चिकटतो आणि पंचाला दम ऐकूच जात नाही. धावणाऱ्यांना एक लेन सोडून पळता येतं, बॅडमिंटनला मधी जाळी असते, आम्ही काय करणार. तरी खेळलो. त्यासाठी काय काय करावं लागलं ते लिहायलेय, कारण आता सगळे ते विसरून चाललेत आणि त्यातली एक गोष्ट विसरण्यासारखी नाही असं मला वाटतं.

मी परळी-गंगाखेड रोडवरच्या एका गावची, कॉलेज तालुक्याला, खेळ रेडरचा. फेब्रुवारी २०२० मधी भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाल्या तेव्हा आम्ही पोरी मोबाईलवर ते बघत बसायचो, पुढच्या वर्षी आपण तिथं असं प्रत्येकीच्या मनात. मार्चात लॉकडाऊन लागलं, ग्राउंडला कुलूप, आणि २०२०-२१ चा आख्खा सीझन आमच्यासाठी कोरा गेला. आमची लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या टोकाला उभी राहून रेडरला पकडणारी, तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, ते तिकडं कारखान्यावरच अडकले, एप्रिलमधी सरकारनं परवानगी दिली तेव्हा कुठं गावाकडं निघाले आणि आल्यावर परत शाळेत क्वारंटाइन. तोवर ही पोरगी घरी एकटी, लहान भावंडांना घेऊन. तिला कुणी सांगावं की फिटनेस सोडू नको म्हणून. आणि वर्ष गेलं म्हणजे नुसता खेळ गेला असं नसतं, आमच्याकडं निम्म्या पोरी पोलीस भरतीवर डोळा ठेवून खेळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला सर्टिफिकेट लागतं आणि सर्टिफिकेट स्पर्धा झाली तरच. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना कोरोनामुळं एक वर्ष जास्तीचं खेळायला दिलं हे मी नंतर वाचलं. आमच्याकडं तसलं काही माझ्या कानावर तरी आलं नाही. म्हणून पुढं जेवढे कागद समोर आले तेवढ्यांवर आम्ही सह्या करत गेलो.

मला कोरोना झाला तो दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१. आधी अण्णांना, मग मला, आईला काहीच नाही (ती म्हणते काढ्यामुळं, आम्ही पण तोच काढा पिलता). कोविड सेंटर म्हणजे मुलींचं होस्टेलच होतं, ज्या खोल्यांत आम्ही कॅम्पला दाटीवाटीनं राहायचो तिथंच खाटा टाकलेल्या. रोज सहा मिनिटं चालायला लावायचे. आधी बोटाला ऑक्सिमीटर, मग व्हरांड्यात फेऱ्या, मग परत ऑक्सिमीटर, आकडा तीनपेक्षा जास्त घसरला की डॉक्टरला कळवायचं. माझा काही घसरायचा नाही. सिस्टर म्हणायच्या, "खेळाडू हाय, हिला काय होतंय." हे वाक्य मी पुढं वर्षभर ऐकलं, गावात, कॉलेजात, लॅबमधी, सगळीकडं, आणि सगळ्यात जास्त घोळ याच वाक्यानं होतो.

कारण घरी आले तेव्हा मला खरंच काही होत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, तोंडाला चव आलेली. तेवढ्यात सरांचा फोन. सर म्हणजे आमचे क्रीडा संचालक, सगळे पीटी सरच म्हणतात, एरवी माणूस इतका कडक की कणकण आहे म्हणलं तर म्हणणार दोन राऊंड मार, घाम आला की उतरतोय ताप. तेच सर म्हणले, बुटाला हात लावायचा नाही. पहिलं लक्षण दिसल्यापासून कमीत कमी १० दिवस पूर्ण आराम, त्यात सलग ७ दिवस कसलंच लक्षण नको आणि गोळी पण चालू नको, त्याच्यानंतर नुसतं चालणं, आणि पळायच्या आधी ईसीजी. मी म्हणलं सर छातीत काहीच दुखत नाही. ते म्हणले दुखत नाही म्हणूनच.

सरांचा एक वर्गमित्र अंबाजोगाईला डॉक्टर आहे, त्यानं त्यांना बरंच काही वाचायला पाठवलं होतं आणि सरांनी ते आमच्या ग्रुपवर टाकलं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात कोरोना होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचा एमआरआय काढला तर ४ जणांत हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या खुणा सापडल्या, मायोकार्डायटिस म्हणतात त्याला. हे छापून आलं सप्टेंबर २०२० मधी, आणि तिकडं कॉलेज फुटबॉल खेळवायचं का नाही यावरनं आधीच रान पेटलेलं होतं. बिग टेन म्हणून मोठ्या विद्यापीठांचा गट आहे, त्यांनी ऑगस्टात सीझन पुढं ढकलला आणि पाच आठवड्यांनी परत खेळायचं ठरवलं, पण अट घालून, पॉझिटिव्ह निघालेल्याला रक्ताची ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते त्यात कळतं), ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि एमआरआय झाल्याशिवाय परत घ्यायचं नाही आणि २१ दिवसांच्या आत तर मॅच नाहीच. नंतर त्यांचेच मोठे आकडे आले, १५९७ खेळाडूंमधी ३७ जणांना सूज, म्हणजे शंभरात दोन-तीन. तर पहिल्या आकड्यानं जेवढी भीती बसली होती तेवढं ते निघालं नाही, पण त्या ३७ मधल्या फक्त ९ जणांना काही त्रास जाणवत होता. उरलेले २८ स्वतःला ठणठणीत समजत होते. सूज असताना जोर लावला तर ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस खेळता खेळता कोसळू शकतो, म्हणून ती सापडली की तीन ते सहा महिने व्यायाम पूर्ण बंद ठेवतात. एवढं वाचल्यावर सिस्टरचं ते वाक्य मला वेगळंच ऐकू यायला लागलं, कारण खेळाडूला काही होत नाही असं नाही, त्याला जे होतंय ते त्याला लवकर कळत नाही, दमायची सवयच असते ना.

एमआरआय आमच्या आवाक्यातला नव्हता, पण ईसीजी आणि टूडी इको करून आणायचं ठरलं. अण्णांची मोटारसायकल, मागं मी, तोंडाला दोन मास्क, वर स्कार्फ, उन्हाळा असा की परळीपर्यंतच ओठ फुटले. ईसीजीला आत घेतलं, त्या ताईनं छातीला गार जेल लावून चकत्या चिकटवल्या, हातापायाला चिमटे, आणि मशिनमधून पट्टी बाहेर आली तशी तिचा चेहरा बदलला. अण्णांना म्हणली पेशंटला आधी कधी चक्कर वगैरे येत होती का. पट्टीवर ठोके ५२ आणि मशिननं आपोआप खाली छापलेलं, सायनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे ठोके संथ. अण्णा घामाघूम, बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. डॉक्टरनं बघितलं आणि हसले, म्हणले किती वर्षं खेळतेस, रोज पळणाऱ्याचे ठोके बसल्या जागी कमीच असतात, ह्या मशिनला काय माहिती समोर कबड्डीवाली झोपलीय. इको पण नॉर्मल आला. तरी त्यांनी सोडताना सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या, खाटेवर पडूनच नाडी मोजायची आणि वहीत लिहायची, नेहमीपेक्षा दहानं जास्त दिसली तर त्या दिवशी प्रॅक्टिस नाही. आणि पळताना धडधड, छातीत दाब, डोळ्यापुढं अंधारी, यातलं काहीही आलं तर तिथंच थांबायचं, राऊंड पूर्ण करायचा नाही. ते शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. खेळाडूची खोड माहीत असणार.

मग आधी चालणं, मग हळू जॉगिंग, तेही पंधरा मिनिटं आणि बोलता बोलता पळता येईल एवढंच, मग वेळ वाढवायचा, मग जोर वाढवायचा, दोन्ही एकदम नाही. हे लिहायला सोपं आहे. मी अशी पोरगी की मला चौथी रेड मारून पण दम उरायचा, आणि आता आमच्या वावराच्या कडेनं बाभळीपर्यंत जाऊन यायचं तर मधी कंबरेवर हात. पाय पळायला तयार, पण श्वास मागं. ग्राउंड उघडल्यावर पहिल्यांदा रेडला उभी राहिले, समोर आपल्याच पोरी, कुणी पकडणार नाही असं ठरलेलं, नुसतं आत जाऊन बोनस रेषेला पाय लावून यायचं. सुरुवात केली आणि वीस सेकंद झाले नसतील, कबड्डीतलं क आणि ब राहिलं आणि ड्डी निघेना. आवाजच तुटला. दम तुटला की रेडर बाद, नियम साधा आहे. पोरी टाळ्या वाजवायल्या, मला चिअर करायला म्हणून, आणि मला इतका राग आला सगळ्यांचा. सर काही बोलले नाहीत, वहीत वेळ लिहिली फक्त. तीस सेकंदांपर्यंत परत यायला पावसाळा लागला.

मधी लसीचं गणित होतं. १८ च्या वरच्यांना १ मे पासून लस सुरू झाली आणि साठा नाही म्हणून महाराष्ट्रात १२ मेला ती थांबली पण, जूनमधी परत सुरू झाली. मला कोरोना होऊन गेलेला म्हणून तीन महिने थांबायचं होतं, म्हणजे पहिला डोस जुलैच्या शेवटी, कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस, म्हणजे दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी, आणि त्यावर अजून चौदा दिवस गेल्याशिवाय पूर्ण लसीकरण धरत नव्हते. कॉलेजं उघडली २० ऑक्टोबरला, दोन डोसवाल्यांसाठी. कॉलेज उघडलेलं आणि मी गेटच्या बाहेर. ज्यांना कोव्हॅक्सिन मिळाली त्या २८ दिवसांत मोकळ्या झाल्या, ज्यांना कोरोना झालाच नाही त्या पण आमच्या आधी. थोडक्यात ज्यांच्या अंगात आधीच कोरोना येऊन गेला त्याच सगळ्यात शेवटी आत.

निवड चाचणी आली तेव्हा एसटीचा संप चालू झालेला. चाचणीच्या पत्रात सुरक्षित अंतर, सॅनिटायझर, मास्क असं पानभर लिहिलेलं आणि आम्ही तिथं पोचलो काळीपिवळीत, मागं बारा जणी, एकीच्या मांडीवर दुसरी, ड्रायव्हरच्या पलीकडं पण एक माणूस. गेटवर थर्मल गन. सकाळचा गारठा, गन कपाळाला लावली की कुणाचं ९२, कुणाचं ९१, म्हणजे त्या हिशोबानं आम्ही सगळ्या मेलेल्याच. बसलेल्या मामानं आकडा बघून न बघितल्यासारखं केलं आणि रजिस्टरमधी सगळ्यांपुढं ९७.४ लिहीत गेला, खालपर्यंत एकच आकडा, एकाच वळणात. आमच्यातल्या एकीला आदल्या रात्री ताप होता. तिनं पहाटे पॅरासिटामॉल घेतली आणि आली. मला माहीत होतं, सरांना नव्हतं. तिचं लग्न ठरायला लागलेलं, वर्षातून एकदा येणारी चाचणी, पुढच्या वर्षी घरचे खेळू देतील का नाही याची खात्री नाही, तिला मी थांब म्हणले असते तरी ती थांबली नसती आणि तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. गन ताप पकडते, तोही धड नाही, पण ताप लपवायची वेळ का येते याला काही गन नाही. पुढं तिची टेस्ट निगेटिव्ह आली, साधाच ताप होता. निघाला साधा म्हणून बरं.

जानेवारीत ओमायक्रॉन आला, कॉलेजं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद, कॅम्प गुंडाळला, परत घरी. त्याच वेळी टीव्हीवर प्रो कबड्डी चालू होती, बेंगळुरूला एका फाइव्ह स्टार हॉटेलात सगळ्या टीम कोंडून, प्रेक्षक नाहीत, बाहेरचा माणूस आत नाही, बायोबबल म्हणायचे त्याला. तिथं पण पॉझिटिव्ह निघालेच आणि वेळापत्रक बदलावं लागलं. आम्ही ते बघायचो आणि म्हणायचो की यांच्याकडं एवढं असून ही गत, आपलं कसं.

मग एकदाचं स्पर्धेचं पत्र आलं, बाहेरच्या राज्यात, आणि त्याला जोडून हमीपत्र. इंग्रजीत होतं, सरांनी वाचून सांगितलं. मी स्वखुशीनं सहभागी होत आहे, स्पर्धेत कोरोना झाला, काही गुंतागुंत झाली किंवा जीव गेला तरी आयोजक जबाबदार राहणार नाहीत, खर्च माझा. खाली खेळाडूची सही, त्याखाली पालकांची. अण्णांनी चष्मा लावला, दोनदा वाचायला लावलं आणि म्हणले, "म्हंजी पोरीला काय झालं तर बी आमचंच, आन् ट्रॉफी आली तर त्यांच्या कपाटात." सही केली पण. न करून काय करणार. नंतर मला कळलं की अमेरिकेत पण कॉलेजं खेळाडूंकडून असल्या सह्या घ्यायला लागली होती, त्यावर एवढा आरडाओरडा झाला की ५ ऑगस्ट २०२० ला एनसीएएच्या, म्हणजे तिकडचे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, बोर्डानं सांगितलं, खेळायचं तर कायदेशीर हक्क सोडून द्या अशी अट खेळाडूला घालता येणार नाही. आणि एखाद्यानं कोरोनाच्या भीतीनं खेळायचं नाही ठरवलं तर त्याची स्कॉलरशिप चालू ठेवायची. मला ते दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या हमीपत्रात स्वखुशीनं असं लिहिलेलं, पण नाही म्हणलं तर काय मिळणार हे कुठंच नव्हतं. आणि त्या सगळ्या कागदांत, हमीपत्र, लसीचं सर्टिफिकेट, आधार, बोनाफाइड, आरटीपीसीआर, कुठंही एक ओळ नव्हती की तुम्हाला आधी कोरोना झाला होता का आणि झाला असेल तर हृदय तपासलं का. माझी ईसीजीची पट्टी मी फाइलमधी घालून नेली. कुणी मागितली नाही.

आरटीपीसीआर ७२ तासांच्या आतली पाहिजे. सरकारी दवाखान्यात फुकट, पण नमुना दुसऱ्या गावच्या लॅबला जाणार, रिपोर्ट कधी येईल ते तेच सांगू शकत नव्हते, आणि लवकर दिला तर पोचेपर्यंत ७२ तास उलटणार. खाजगीत सरकारनं डिसेंबरपासून दर ३५० ठरवलेला, एका लॅबनं अर्जंट म्हणून दुप्पट घेतले, पावती ३५० ची. सगळ्यांचे रिपोर्ट मोबाईलवर आले तेव्हा आम्ही गाडीत बसलो होतो. एकीचा आला नाही. आमच्या मॅनेजर मॅडम मनमाडपर्यंत त्या लॅबला फोन लावत होत्या, मनमाडला आला, निगेटिव्ह, आणि आख्खा डबा आमच्याकडं बघतोय एवढ्या मोठ्यानं ओरडलो आम्ही. मास्क हनुवटीवर, अर्थातच.

तिकडं मुक्काम मंगल कार्यालयात. एका हॉलमधी चार विद्यापीठांच्या पोरी, गाद्या एकमेकींना चिकटून, पाण्याला एक पिंप आणि त्याला साखळीनं बांधलेला ग्लास. मॅटवर मात्र जोरदार सॅनिटायझेशन, दर मॅचच्या आधी एक पोरगा पाठीवर पंप घेऊन फवारणी करून जायचा, कपाशीवर मारतात तसला पंप, आणि मॅट ओली. पहिल्याच मॅचला आमची कॉर्नर पकडीला गेली तिचा पाय सटकला, घोटा सुजला. कोरोनापासून वाचवायच्या नादात पाय गेला. मॅडमनी भांडून घेतलं, त्यानंतर आम्हीच टॉवेलनं पुसून मग खेळायचो. आणि ज्या टीमशी आम्ही आदल्या दिवशी खेळलो, अंगावर पडून खेळलो, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. वॉकओव्हर. का ते कुणी सांगेना, जेवणाच्या लाइनीत कळलं की त्यांच्या दोघींना ताप आहे. आमच्या मॅडमनी आयोजकांना विचारलं की आमची टेस्ट करायची का, तर म्हणले कुणाला लक्षणं आहेत का, नाहीत ना, मग खेळा. मॅडमनी स्वतःच्या पैशानं किट आणून आम्हा सगळ्यांची नाकं तपासली. निगेटिव्ह. त्या दिवशीची मॅच आम्ही हरलो, दोन पॉइंटनी, माझी शेवटची रेड रिकामी गेली. दम पुरला होता, पाय पोचला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कोरोनाचं एवढं नाही.

एप्रिलमधी बेंगळुरूला दुसऱ्या युनिव्हर्सिटी गेम्स झाल्या, त्या पण मोबाईलवरच बघितल्या. सर्टिफिकेट मात्र मिळालं, आमची लेफ्ट कॉर्नर आता भरतीची तयारी करायलीय.

मी बीपीएड करून सध्या कॉलेजात सरांच्या हाताखाली पोरींची प्रॅक्टिस घेते. थर्मल गन कुठल्यातरी कपाटात असेल, रजिस्टर रद्दीत गेलं. नाडीची वही आम्ही ठेवलीय, पोरी कंटाळा करतात, अंदाजे आकडे टाकतात, ते लगेच कळतं. यंदा एका पोरीला डेंग्यू झाला, सलाइन लावून घरी आली आणि दोन दिवसांनी ग्राउंडवर हजर, ताप नाही मॅडम, एकदम ओके आहे. डेंग्यूनं पण हृदयाला सूज येऊ शकते, नुसत्या व्हायरल तापानं पण येऊ शकते, हे कोरोनाच्या आधी पण होतं, आम्हाला माहीत नव्हतं एवढंच. वहीत तिची नाडी नेहमीच्या साठच्या जागी अठ्ठ्याहत्तर. तिला बसवलं बाहेर. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन, चाचणी तोंडावर आलीय, पोरीला बसवू नका. सर म्हणले पुढच्या वर्षी खेळेल. ती टीवायला आहे, तिला या कॉलेजात पुढचं वर्ष नाही, आणि सरांना ते चांगलं माहितीय. इकोला नंबर लावलाय, अजून तारीख मिळाली नाही.